जुनी मॅसी १०३५ : चौदा महिने आणि एक रबर

गेल्या वर्षी पाडव्याला जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर घेतला. तीन सिलिंडर, गिअर सहा पुढे, दोन मागे, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

पहिल्याच दिवशी मोगडा जोडून औत उचलणाऱ्या लिफ्टचा दांडा ओढला, तर लिफ्ट ढिम्म. फसलो म्हणून विकणाऱ्याला फोन लावला. तो हसला, "दादा, पीटीओ टाकलाय का?" नव्हता टाकला. पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता शाफ्ट. हिचा हायड्रोलिक पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओ सोडला की लिफ्ट बंद. माझी सिंगल क्लचवाली, म्हणजे चाकांना आणि पीटीओला एकच क्लच, त्यामुळे क्लच दाबला तरी बंद. धुऱ्यावर वळताना क्लच दाबून औत उचलायला जावं, तर ते मातीतच. महिनाभर शिव्या घातल्या.

त्या आता परत घेतो. नांगरटीला ड्राफ्टवर, म्हणजे ओढीच्या ताणावर चालणाऱ्या सेटिंगवर, लावून बघितली. काळ्या रानात कडक पट्टा लागला की ताण वरच्या लिंकमधून (नांगराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांडीतून) कळतो आणि लिफ्ट आपोआप नांगर थोडा वर घेते. इंजिन दबत नाही, चाक घसरत नाही, डिझेल वाचतं. ज्याचं नाव या कंपनीला आहे त्या हॅरी फर्ग्युसनची ही युक्ती शंभरीला आली, अजून खोट निघत नाही.

खरं दुखणं पुढेच. श्रावणात लिफ्ट झटके देत वर यायला लागली. गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, पंप गेला, साडेअकरा हजार. घरी येऊन तेलाची पट्टी काढली तर तेल दुधाच्या चहासारखं! गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, लिफ्ट, सगळ्यांचा संसार त्या एकाच तेलावर. पाणी शिरलं कुठून? गिअरच्या दांडीच्या बुडाशी रबराची टोपी असते, ती चिरली होती. आणि मी शहाणा, अख्खा आषाढ ट्रॅक्टर लिंबाखाली उघडा ठेवला. दांडीवरून ओघळलेला पाऊस थेट पोटात.

बोल्ट सोडला, आधी नुसतं पाणीच आलं. मग तेल. वीस लिटरची बादली भरून वाहिली. पंपाच्या जाळीवर लोण्यासारखा गाळ. जाळी डिझेलने धुतली, नवं तेल भरलं, ऐंशी रुपयांचं रबर बसवलं. लिफ्ट सरळ. पंपाला हातही लागला नाही. तेलाचे पैसे मात्र अजून टोचतात. आता रबरावर सायकलची ट्यूब गुंडाळलीय आणि वर युरियाचं पोतं. बायको म्हणते, एवढं पोरांना जपलं नाही. जुनी घेणाऱ्याने एचपी नंतर विचारावा, आधी ते रबर बोटाने दाबून बघावं.

कोळपणीचं थोडक्यात. सोयाबीनची ओळ १८ इंची, म्हणजे चाकातलं अंतर तीन ओळींचं, ५४ इंच हवं. हिची चाकं चार-चार इंचाच्या टप्प्याने सरकतात, ५२ नाहीतर ५६. मी ५६ वर ठेवतो. टायर १२.४ इंच रुंद, म्हणजे बाहेरच्या ओळीपासून दोन इंचही उरत नाहीत. डोळा लागला की ओळ गेली. चाकातलं अंतर बदलायला चाकाची डिस्क (मधली तबकडी) उलटवावी लागते, त्याला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो. शिवाय डावं चाक उजवीकडे न्यायचं विसरलं तर टायरची नक्षी उलटी बसते.

पहिल्या खेपेला मी विसरलो होतो.