रोशफोर १०: गुहागरच्या दमट हवेत चाखलेली आणि टिपलेली काळी बिअर

बेल्जियममधील रोशफोरच्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक साधूंच्या एका पंथाच्या) मठात तयार होणारी ही निळ्या बुचाची बिअर आपल्या किनाऱ्यावरच्या दुकानांत शोधूनही मिळत नाही; माझ्याकडे ती ब्रसेल्सहून आलेल्या स्नेह्यांमुळे पोहोचली. नावातला १० हा आकडा मद्यार्काचा नसून आंबवण्यापूर्वीच्या द्रावाची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन पद्धतीतला आहे. मद्यार्क ११.३ टक्के आहे, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या या बाटलीत पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीपेक्षाही तो अधिक भरतो. एक बाटली दोघांत पुरेशी होते.

फ्रिजमधून काढल्या काढल्या घेतलेल्या पहिल्या घोटात गोडवा आणि मद्याची ऊब यांपलीकडे फारसे काही लागत नाही. ती १२ ते १४ अंशांवर आली की काळ्या मनुका, खजूर, काकवी आणि मागून धण्याचा हलका वास असे एकेक उलगडत जाते. स्टाउट या काळ्या बिअरच्या प्रकारातला करपलेल्या जवाचा कडवटपणा इथे नाही, कारण काळेपणाचा बराचसा भाग गडद साखरेतून येतो. तीच साखर आंबताना जवळजवळ पूर्ण संपत असल्यामुळे इतकी कडक असूनही बिअर जिभेवर जड होत नाही. तळलेल्या बांगड्याबरोबर मात्र ती अजिबात जमली नाही. सुक्या मटणाबरोबर आणि भाजलेल्या काजूंबरोबर उत्तम जमली.

छायाचित्राचे काम चवीपेक्षा कठीण निघाले. आपल्याकडच्या हवेत थंड काचेवर क्षणात दव धरते, आणि ते पुसले तर काचेवर धागे व ओघळ उमटतात. म्हणून ग्लास बाहेरच्याच तापमानाचा ठेवावा, बिअर ओतावी आणि काच गार होण्याआधीच्या मिनिटभरात फोटो उरकावा. कॅमेरा वातानुकूलित खोलीतून थेट पडवीत आणल्यास लेन्सही धुरकट होते, तेव्हा तो अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेवलेला बरा. समोरून प्रकाश टाकल्यास ग्लासात केवळ काळा ठोकळा दिसतो. कलत्या उन्हाकडे ग्लासची पाठ केली की कडेला पिकल्या कोकमासारखी लाली उमटते. एवढा काळा विषय पाहून कॅमेरा आपणहून चित्र उजळवतो आणि बदामी फेस पांढरा फटक करून टाकतो, त्यामुळे एक्सपोजर एक स्टॉप खाली आणणे, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश निम्मा करणे, आवश्यक आहे.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून एकाच धारेत सावकाश ओतून शेवटचे बोटभर द्रव बाटलीतच राहू द्यावे, निदान फोटो होईपर्यंत. नंतर तो गाळ पिण्यास हरकत नाही. मला स्वतःला त्याची पिठूळ चव आवडत नाही.

दर्जाबद्दल शंका नाही. तरीही किनाऱ्यावरच्या उकाड्यात याच मठाची हिरव्या बुचाची, ९.२ टक्क्यांची रोशफोर ८ मी आधी निवडेन, आणि १० क्रमांकाची बाटली डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींसाठी राखून ठेवीन.