मांजराचा कॅरियर आणि जखमी घार

पणजी, म्हापसा, मडगावच्या पेट शॉपमध्ये हजार-पंधराशेला प्लास्टिकचा एक कॅरियर मिळतो. वर मूठ, पुढे तारेच्या जाळीचे दार, खालचा आणि वरचा असे दोन अर्धे भाग. मांजरासाठी बनवलेला हा कॅरियर जखमी शिकारी पक्षी न्यायलाही सर्रास वापरला जातो, म्हणून त्या एका कामापुरते हे परीक्षण. थोडे फेरफार केले तर पिंगळा, शिक्रा आणि गव्हाणी घुबडासाठी तो चांगला आहे. घारीसाठी त्याचा मधला आकार घेऊ नये.

अडचण शेपटीची आहे. मधल्या आकाराची लांबी बाहेरून साधारण ४८ सेंटिमीटर, आणि ब्राह्मणी घार चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तेवढीच. साधी घार त्याहून लांब. पक्षी आत वळला की शेपटी भिंतीवर दुमडते. त्याने दाराकडे पाठ केली की पिसांची टोके जाळीच्या चौकोनांतून बाहेर येतात आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तारेवर घासतात. काणकोण ते पणजी सुमारे ७० किलोमीटर. तेवढ्या वाटेत शेपटीची केरसुणी होते.

पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. मोडले तर सांधत नाही; पुढच्या पीसगळीत ते पडून नवे येईपर्यंत थांबावे लागते. नीट बसवलेले पंखाचे हाड तीनेक आठवड्यांत जुळू शकते, पण पंखांची लांब पिसे (एकेका पंखाला दहा) किंवा शेपटीची बारा पिसे तुटली असली, तर हाड जुळूनही घार महिनोन्महिने पिंजऱ्यातच राहते. त्याच जातीच्या पक्ष्याचे, त्याच जागेचे गळलेले पीस बांबूच्या बारीक काडीने जुन्या देठात बसवता येते. पण ते कसबी हाताचे काम आहे आणि नेमके तेच पीस जवळ असावे लागते. एवढे सगळे एका चुकीच्या डब्यामुळे होते, म्हणून डब्यावर इतके लिहितो आहोत.

म्हणून लांबच्या प्रवासात शेपटीला म्यान घालावे. जाड खाकी पाकीट किंवा जुनी एक्स-रे फिल्म शेपटीच्या मापाने दुमडायची, पिसे सरळ आत सरकवायची आणि शेपटीच्या मुळाशी कागदी चिकटपट्टीने हलके धरायचे. विष्ठेची वाट मोकळी राहिली आहे ना, ते बघायचे. पारदर्शक सेलोटेप नको, तो काढताना पिसे उपटतो.

दुसरा दोष पुन्हा दाराचाच. उजेड दिसेल तिकडे पक्षी झेप घेतो, जाळीवर आदळतो, आणि चोचीच्या मुळाची मऊ कातडी व पंखांची मनगटे सोलवटतात. दाराला आतून गुळगुळीत पुठ्ठा लावून तारेला घट्ट बांधा. बाजूच्या वरच्या फटी चिकटपट्टीने बंद करा आणि खालच्या उघड्या ठेवा. हवा पायांच्या उंचीवरून आली तरी पुरते, उजेड मात्र डोळ्यांच्या उंचीवर नको. अंधार झाला की बहुतेक पक्षी मिनिटा-दोन मिनिटांत शांत होतात.

तळही तसाच वापरू नये. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय फाकतात, आणि पिल्लू असेल तर ते पाय कायमचे बिघडू शकतात. टर्किश टॉवेलच्या फासांत नखे अडकतात, गोणपाटाच्या धाग्यांतही. तळाला वर्तमानपत्र आणि त्यावर रबरी पायपुसणे किंवा प्लास्टिकच्या हिरव्या गवताचा तुकडा, एवढे पुरते. पेंढा घालू नका. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि तिचे बीजकण पक्ष्याच्या श्वसनमार्गात जातात. बसायला दांडीही नको, चालत्या गाडीत पक्षी तिच्यावरून पडतो.

कॅरियरची खरी जमेची बाजू म्हणजे त्याचे दोन अर्धे. दारातून हात घालून घुबड ओढून काढणे हा पंख मोडण्याचा हमखास मार्ग. त्यापेक्षा वरचा भाग सोडवा, चार बोटांएवढा वर उचला, फटीतून पातळ सुती पंचा पक्ष्यावर सोडा आणि मग झाकण पूर्ण काढा. पंचा गुळगुळीत असतो, नखात अडकत नाही. पंख अंगाशी धरून दोन्ही पाय एकत्र पकडा, कारण धोका चोचीपेक्षा पंजांचा जास्त आहे. छाती दाबू नका. पक्ष्याची छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. घेताना नट-बोल्टने जोडलेला कॅरियर घ्या. क्लिपवाल्याच्या क्लिपा लवकर तुटतात आणि मूठ धरून उचलताना तळ सुटण्याची भीती असते.

धुता येतो, हा दुसरा फायदा. आधी साबणाने विष्ठा पूर्ण काढायची, नाहीतर ब्लीच निकामी होते. मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच, दहा मिनिटे, भरपूर पाणी आणि कडक ऊन. वास उरला असेल तर पक्षी आत ठेवू नये. समुद्रकाठच्या हवेत दाराची स्प्रिंग गंजतेच, ब्लीचने आणखी लवकर.

घारीसाठी पुठ्ठ्याचे खोके उत्तम: साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४५ उंच, भोके खालच्या बाजूला. मालीमसारख्या जेटीवर गळ किंवा जाळ्यात अडकलेली घार असो, की पाडेल्याने नारळ काढताना घरट्यातून पडलेले पिल्लू, असे खोके कुठल्याही दुकानात मागून मिळते. फेणीच्या बाटल्यांचे खोके पिंगळ्याला पुरते. पुठ्ठ्याचा दोष एकच, पावसाळ्यात ओल धरून त्याचा तळ फाटतो. खालून प्लास्टिकचा कागद चिकटवा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पाऊण मीटर लांबीचा, त्याला मोठ्या कुत्र्याचा क्रेट आतून पुठ्ठा लावूनच.

मे महिन्यात प्लास्टिक फार तापते. बंद गाडीत दहा मिनिटेही ठेवू नका. चोच उघडी, गळा थरथरताना आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले, की गाडी सावलीला घेऊन आधी हवा मोकळी करा. चोचीत पाणी घालू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. उपाशी पक्ष्याला वाटेत मासळीही देऊ नका.

कॅरियरवर मार्करने जागा, वेळ आणि पक्षी कसा सापडला ते लिहा: मांजा, वीजतार, गळ की घरटे. उपचार ठरवायला आणि पुढे पक्षी त्याच परिसरात सोडायला ही माहिती लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ताब्यात आलेल्या वन्य पक्ष्याची खबर ४८ तासांत द्यावी लागते. वन खात्याला फोन मात्र पक्षी उचलण्याआधीच करावा. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटे शाबूत असेल, तर ते परत घरट्यात ठेवता येते आणि कॅरियरची गरजच पडणार नाही.