भक्तनिवासाच्या बुकिंगसाठी पोस्टग्रेसची डेटरेंज: दुसऱ्या आषाढीनंतर

पंढरपुरातल्या एका भक्तनिवासाचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. ४० खोल्या, दोन काउंटर. एरवी निम्म्या खोल्या रिकाम्या, आषाढी-कार्तिकीला मात्र पाय ठेवायला जागा नसते. २०२४ च्या आषाढीनंतर मी मुक्कामाच्या तारखा पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या डेटरेंज या प्रकारात आणल्या; त्यात आगमन आणि प्रस्थान मिळून एकच किंमत म्हणून साठवता येतात. वर्षभर वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं.

त्या वर्षी एकादशी १७ जुलैला होती. आदल्या रात्री, दशमीला, १२ नंबरच्या खोलीसमोर दोन कुटुंबं उभी राहिली आणि दोघांकडेही आमचीच पावती. एकांचा मुक्काम १४ ते १९, ते दर्शनाच्या रांगेतून परत आले होते. दुसऱ्यांचा १६ ते १८. त्यांच्यातल्या आजी पायरीवरच बसल्या, पाय सुजलेले, शेजारी ओल्या पिशव्या. काउंटरवरचे काका "माउली, जरा थांबा, बघतो" एवढंच म्हणत होते. शेवटी आधीच्या कुटुंबानंच आजींना आत घेतलं. मला फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

चूक माझ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात होती. खोली मोकळी आहे का हे ती असं विचारायची: जुन्या बुकिंगचं आगमन नव्या तारखांच्या बिटवीन (दोन टोकांच्या दरम्यान) आहे का, किंवा प्रस्थान आहे का? १४ तारीख १६ ते १८ मध्ये नाही, १९ पण नाही. म्हणजे खोली मोकळी! जुना मुक्काम नव्याला दोन्ही बाजूंनी पोटात घेऊन बसलाय, हे विचारलेलंच नव्हतं. आणि उलटंही व्हायचं. कुणी १९ ला सकाळी खोली सोडणार असेल, तर १९ ला दुपारी येणाऱ्याला नकार जायचा, कारण बिटवीन दोन्ही टोकं धरतं. खरी अट दोनच तुलनांची आहे: जुनं आगमन < नवं प्रस्थान, आणि नवं आगमन < जुनं प्रस्थान.

मग एवढं दुरुस्त करून थांबले का नाही? कारण तीच अट पाच ठिकाणी लिहिलेली होती आणि पाचही ठिकाणी थोडी थोडी वेगळी. शिवाय दोन्ही काउंटरनी एकाच क्षणी विचारलं, तर दोघांनाही खोली मोकळी दिसते आणि दोघेही पावती फाडतात. क्वेरी कितीही बरोबर असली तरी हे तिच्या हातात नाही.

संगणक येण्यापूर्वी काका मोठ्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं रेघ ओढायचे. रेघ आगमनाच्या घरात सुरू व्हायची आणि प्रस्थानाच्या घराच्या अलीकडच्या कडेला थांबायची, म्हणजे तिथूनच पुढच्याची रेघ सुरू करता यायची. डेटरेंज अगदी हेच करते. [१४ जुलै, १९ जुलै) असं लिहिलं की चौकोनी कंसाकडची तारीख धरलेली आणि गोल कंसाकडची सोडलेली. [१४ जुलै, १८ जुलै] असं दिलं तरी ती स्वतःच त्याचं [१४ जुलै, १९ जुलै) करून ठेवते. दोन मुक्काम एकमेकांवर येतात का, हे विचारायला && हे एकच चिन्ह. पाच ठिकाणच्या पाच अटी गेल्या.

पण माझ्या मते खरी किंमत एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटची, म्हणजे डेटाबेस स्वतः पाळतो त्या मनाईच्या नियमाची आहे. "खोली तीच आणि मुक्काम एकमेकांवर, अशा दोन नोंदी नकोत" हे टेबललाच सांगता येतं. मग दोन्ही काउंटरनी एकदम बटण दाबलं तरी दुसरी नोंद आत जात नाही. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसची जोडणी) चालू करावं लागतं, नाहीतर खोली क्रमांकाची = ही तुलना या नियमामागच्या इंडेक्सला (शोधसूचीला) जमत नाही. रेंज प्रकार २०१२ मध्ये ९.२ आवृत्तीत आले, म्हणजे हे काही कालचं नाही. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत प्रायमरी कीलाच (नोंदीची ओळख ठरवणाऱ्या रकान्यांना) "विदाउट ओव्हरलॅप्स", म्हणजे एकमेकांवर नको, असं लावता येतं; आम्ही अजून तिथे गेलेलो नाही.

दोन गोष्टींनी त्रास दिला. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचं बुकिंग [१७, १७) असं जायचं. ही रेंज रिकामी मानली जाते आणि रिकामी रेंज कशावरच येत नाही, म्हणून कन्स्ट्रेंट तिला मुकाट्यानं सोडतो. रिकामी रेंज नको असा चेक वेगळा घालावा लागला आणि अशा बुकिंगला पूर्ण एक दिवस धरला. दुसरं, प्रस्थान कोरं राहिलं तर मुक्कामाला शेवटच नाही असं समजलं जातं. ७ नंबरची खोली तीन दिवस कुणालाच मिळेना, ती त्यामुळे. अडवल्यावर येणारा संदेश इंग्रजीत आणि अगम्य असतो. तो पकडून "ही खोली या तारखांना दिलेली आहे" असं काकांना दिसेल ते आपणच करायचं.

याच दुरुस्तीत मार्चअखेरचा घोळही सापडला. १ मार्च ते ३१ मार्च असा बिटवीन वेळेच्या रकान्यावर लावला, की ३१ मार्च म्हणजे ती तारीख सुरू होतानाचा रात्री बाराचा ठोका. त्या दिवशी नंतर आलेली सगळी देणगी अहवालातून गायब, पावतीपुस्तकात मात्र आहे. तिथे आता "१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आधी" अशीच अट लावते.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा रेंज प्रकार नाही. तिथे असाल तर दोन तुलनांची अट आणि लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं) यांवरच भागवावं लागेल. पण बुकिंगचं काम नव्यानं सुरू करत असाल तर पोस्टग्रेसच घ्या, पैसेही पडत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रिकाम्या रेंजसाठी कापला.

जुना डेटा हलवताना कन्स्ट्रेंट आधी लागेचना, कारण आतच एकमेकांवर आलेल्या ११ नोंदी होत्या. काका आणि मी पावत्या घेऊन बसलो आणि एकेक सोडवली. २०२५ मध्ये ६ जुलैच्या एकादशीला १२ नंबरमध्ये एकच कुटुंब होतं.