सकाळी ठिबक, दुपारी कोरडं: स्प्रिंग वॉशरच्या होज क्लिपा

जुनी गाडी तापल्यावर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळत असेल तर मी त्याला फार घाबरत नाही. ती गळती दिसते. वाफ येते, गोडसर वास येतो, कुठून येतंय ते कळतं. डोक्याला ताप देते ती गार गळती. रात्रभर गाडी उभी, सकाळी रेडिएटरच्या वरच्या होजखाली, म्हणजे रबरी पाइपखाली, दोन-चार हिरवट थेंब. इंजिन तापवून पुन्हा बोनेट उघडावं तर सगळं कोरडं ठणठणीत. गॅरेजमध्ये न्यावी तर गाडी तिथं पोहोचेपर्यंत गरम झालेली असते, आणि उत्तर ठरलेलं: "काही नाही मॅडम, क्लिप अजून अर्धा आटा आवळून देतो."

तो अर्धा आटाच पुढच्या गळतीची सोय करतो, हे माझं मत. क्लिपखाली दाबलेलं रबर कायम तेवढंच फुगलेलं राहत नाही, ते दबून बसतं. इंजिन तापलं की होजच्या आतली धातूची नळी आणि वरचं रबर दोन्ही प्रसरण पावतात, पट्टीच्या आत सगळं घट्ट होतं आणि ठिबक थांबते. गार झालं की रबर धातूपेक्षा जास्त आकसतं. पट्टी मात्र जिथं आवळली होती तिथंच. मधे केसाएवढी फट पडते आणि कूलंट तेवढ्यातून वाट काढतो. पुन्हा आवळलं की रबर आणखी दबतं, आणि थंडी पडली की पुन्हा तेच. नेहमीच्या क्लिपेच्या पट्टीला खाचा असतात, रबर त्या खाचांतून वर येतं आणि हळूहळू कापलं जातं, ते वेगळंच.

पेच फिरवून आवळायची ही क्लिप लम्ली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने काढली, १९२१ साली तिचं पेटंट मिळालं. वस्तू उत्तमच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. फक्त रबर हललं की तिला हलता येत नाही, आणि नेमकं तेच मला हवं होतं.

म्हणून स्प्रिंग वॉशर असलेल्या क्लिपा घेतल्या. पट्टी आणि पेच तोच, पण पेचाच्या डोक्याखाली बशीसारखे वाकवलेले वॉशर एकमेकांसमोर रचलेले असतात. पेच आवळला की ते चपटे होत जातात. रबर आकसलं की वॉशर उघडतात आणि पट्टीला ओढून धरतात, रबर फुगलं की पुन्हा दबतात. सांगण्यासारखी गंमत म्हणजे हे डोळ्यांना दिसतं. गार इंजिनावर वॉशरांमधल्या फटी नीट दिसतात, गाडी तापवून आणली की त्याच फटी बारीक झालेल्या असतात. पट्टीच्या आतून एक गुळगुळीत अस्तरपट्टी आहे, त्यामुळे खाचांत रबर घुसत नाही. वरच्या होजला आणि थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून कूलंट सोडणाऱ्या झडपेच्या) घरापाशी या लावल्यापासून गाडीखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद सकाळी कोरडा असतो. थंडीतसुद्धा.

लावताना एक गोष्ट नीट समजून घ्या. वॉशर पूर्ण चपटे होईपर्यंत आवळलं तर त्यांना उघडझाप करायला जागाच उरत नाही, म्हणजे तुम्ही महागातली साधी क्लिप लावलीत. थोडी फट राहायला हवी. हे सवयीच्या हाताला जमत नाही, कारण आपल्याला "गच्च" झाल्याशिवाय समाधान नसतं. षटकोनी डोक्याला बसणारा पाना वापरा. स्क्रू ड्रायव्हर घसरला की थेट रेडिएटरच्या जाळीत जातो.

आणि क्लिप कितीही चांगली असली तरी ज्या नळीवर होज बसतो ती खराब असेल तर उपयोग शून्य. थर्मोस्टॅटचं घर बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. होज काढला की तोंडावर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसतात. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करावं, पण नळीभोवती गोल फिरवून. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक ओरखडा म्हणजे कूलंटला बाहेर यायला आयती वाट. खड्डे खोल असतील तर सरळ नवीन घर बसवावं. होज सरकवताना ग्रीस लावू नये. हल्लीचे बहुतेक होज ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगून मऊ पडतं. थोडा कूलंट लावला की होज सहज सरकतो. नळीच्या तोंडाशी जो उंचवटा असतो त्याच्या लगेच मागे क्लिप यायला हवी, उंचवट्यावर नाही आणि होजच्या अगदी कडेलाही नाही.

होज जुना असेल तर आधी तो बदला. बाहेरून भेगा दिसेपर्यंत थांबायचं नसतं. होज आतून खराब होतो, कारण कूलंट आणि वेगवेगळे धातू मिळून विजेच्या घटासारखं काम करतात आणि टोकांजवळच्या रबराला आतून लांबट चिरा पडतात. गार इंजिनावर होज आधी मधे दाबून बघा, मग क्लिपेजवळ. टोकाशी जास्त मऊ, पोकळ लागला तर तो गेला.

रेडिएटरच्या झाकणावरचा दाबाचा आकडाही एकदा वाचून घ्या. जुन्या गाड्यांची कूलिंग व्यवस्था बऱ्याचदा ७ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर एक पौंड) दाबासाठी केलेली असते आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने हाताला लागलं म्हणून १५ चं झाकण बसवलेलं असतं. एका पीएसआयमागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो, हे खरं. पण तो सगळा जादा दाब म्हाताऱ्या होजवर आणि हीटरवर येतो. हातपंपाने दाब भरून गळती शोधायची चाचणी करायची तर ती गार इंजिनावर, शक्यतो सकाळीच. गरम इंजिनावर गार गळती सापडणारच नाही, तरी बहुतेक ठिकाणी गरमच तपासतात.

आता तक्रारी. वॉशरांची रास लांब आहे. खालच्या होजपाशी पंखा आणि पट्टा जवळ असतात, तिथं क्लिप कुठल्या बाजूला तोंड करून बसेल ते आधी बघावं लागतं. माझ्या गाडीत एका ठिकाणी ती बसलीच नाही. हीटरच्या बारीक होजना तर ही फारच अवजड. तिथं मी पकडीने दाबून बसवायच्या स्प्रिंगच्या पट्ट्या लावल्या. त्याही रबराबरोबर आकसतात, फुगतात, फक्त माप कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे होजचा बाहेरचा व्यास मोजूनच घ्याव्या लागतात. क्लिप कुठलीही घ्या, पट्टीवरचा ठसा बघा. डब्ल्यू२ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण पेच साधा, मुलामा दिलेला. तो गंजतो. डब्ल्यू४ मध्ये दोन्ही स्टेनलेस.

सिलिकॉनचे होज लावले असतील तर अस्तर असलेल्याच क्लिपा हव्यात, साध्या पट्टीखाली ते मऊ रबर लगेच चिरतं. शिवाय सिलिकॉनमधून पाण्याची वाफ थोडी झिरपते, त्यामुळे कुठेही थेंब नसताना पातळी हळूहळू उतरली तर क्लिपेला दोष देऊ नका. गळती बंद करणारी पूड रेडिएटरमध्ये टाकण्याबद्दल विचाराल तर माझं उत्तर नाही. ती सगळ्यात आधी हीटरच्या बारीक नळ्या बुजवते.

दिसायला या क्लिपा साठच्या दशकातल्या इंजिनाजवळ विजोड दिसतात. मूळच्या दोन तारांच्या क्लिपेचं रूप वेगळंच, हे मान्य. प्रदर्शनात गाडी उभी करणाऱ्यांनी त्या दिवसापुरत्या तारेच्या लावाव्यात. मी रोज चालवते.