डायलिसिस: सेंटरला जायचं की घरीच करायचं?

मामांची किडनी थकली तेव्हा प्रश्न हाच होता. ते राहतात सुरगाण्याकडे, सेंटर नाशिकला.

सेंटरमधलं हिमोडायलिसिस म्हणजे मशीनमधून रक्त गाळून घेणं, बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. सुया, मशीन सगळं टेक्निशियन बघतो, घरच्यांवर भार नाही. पण घाटातून जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो आणि आल्यावर माणूस गळून पडतो. दोन फेऱ्यांच्या मधे पाणी मोजूनच प्यायचं. नाशिक जिल्ह्यात राहून द्राक्षंही मोजून खायची, हे मामांना सगळ्यात जड गेलं असतं! फिस्टुला (सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही, तेही सांभाळायचं.

घरचं पेरिटोनियल डायलिसिस रोज असतं. यात पोटात द्रावण भरतात आणि पोटाच्या आतल्या पडद्यातूनच रक्त गाळलं जातं. पोटात कायमची नळी आणि दिवसातून तीन-चार वेळा साधारण दोन लिटरची पिशवी बदलायची, दर वेळी अर्धा-पाऊण तास. खाण्यापिण्याची बंधनं त्यामानाने सैल. उलट प्रथिनं जास्त लागतात, कारण ती पोटातून काढलेल्या द्रावणाबरोबर निघून जातात. मधुमेह्यांनी मात्र जपावं, द्रावणात ग्लुकोज असतं. खरी भीती जंतुसंसर्गाची. पोटातून पिशवीत आलेलं पाणी गढूळ दिसलं की थांबायचं नाही, थेट दवाखाना.

खर्चाचं म्हणाल तर २०१६ पासून केंद्राच्या योजनेत गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत हिमोडायलिसिस मिळतं.

मामींचा हात स्वच्छ, स्वभाव काटेकोर. आम्ही पिशव्या घेतल्या. शहरात राहत असते तर कदाचित सेंटरच निवडलं असतं.