छापील डीव्हीडीच्या शेजारी व्हर्बेटिमची कोरी अझो डीव्हीडी

दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि घरच्या राइटरवर बर्न केलेली मुंजीची डीव्हीडी, दोन्ही उलट्या करून खिडकीजवळ धरा. पहिली आरशासारखी रुपेरी दिसते, दुसरीवर जांभळट झाक असते. ही झाक सेंद्रिय रंगद्रव्याची. कोरी डिस्क घेताना आपण खरं तर ते रंगद्रव्यच विकत घेतो, त्यामुळे व्हर्बेटिम कंपनीच्या 16 एक्स (मूळ वेगाच्या सोळापटीपर्यंत लिहिता येणाऱ्या) अझो डीव्हीडी-आरची पारखही त्यावरूनच करायला हवी. अझो हा त्या रंगद्रव्याचा प्रकार, आणि डीव्हीडी-आर म्हणजे एकदाच लिहिता येणारी डिस्क.

दुकानातली डिस्क ‘छापील’ असते: कारखान्यात काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा काढतात आणि वितळलेलं पॉलिकार्बोनेट त्यात दाबून भरतात. डेटाचे खड्डे थेट प्लास्टिकमध्ये उमटतात, सर्वांत छोटा जेमतेम 0.4 मायक्रॉनचा, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढतो. उन्हाने हे खड्डे पुसले जात नाहीत. मोझर बेअर या भारतीय कंपनीने सुरुवातीला 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकली, तीही छापीलच होती. स्वस्त होती म्हणून कच्ची होती असं नाही. कोऱ्या डिस्कमध्ये मात्र खड्डे नसतातच. 0.74 मायक्रॉन अंतराने फिरणारी एक चर आधीच कोरलेली असते, तिच्यावर रंगद्रव्य असतं आणि राइटरचा लेझर ते ठिपक्याठिपक्याने भाजतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो, म्हणून प्लेयरला तिथे खड्डा ‘दिसतो’. पण ऊन आणि उष्णता त्या रंगद्रव्यावर पुढेही काम करत राहतात.

जुन्या डिस्का विकत घेताना रंगावर एकदम विसंबू नका. दोन थरांच्या 8.5 जीबीच्या छापील डीव्हीडीला पिवळसर-सोनेरी झाक असते, ती अस्सलच असते. मधल्या भोकाजवळची कडी बघा. छापील डिस्कवर तिथे मॅट्रिक्स नंबर (साच्याची ओळख) आणि बहुधा बारीक अक्षरांत आयएफपीआय या संगीत कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा कोड असतो. खालची बाजू जांभळी असेल तर वरचं कव्हर कितीही सुबक असो, ती घरी बर्न केलेली प्रत समजा.

आता व्हर्बेटिम. खोक्यावर ‘अझो’ हा शब्द आहे का, ते आधी वाचा. याच कंपनीच्या ‘लाइफ सीरिज’ नावाच्या स्वस्त मालात ते रंगद्रव्य नसतं, आणि डबे लांबून सारखेच दिसतात. घरी आल्यावर राइटरमध्ये कोरी डिस्क टाकून इमेजबर्न (ImgBurn) हा फुकट प्रोग्रॅम उघडला की उजवीकडे मीडिया आयडी, म्हणजे डिस्कच्या मूळ मालाची ओळख सांगणारा कोड, दिसतो. या डीव्हीडी-आरचा ओळखीचा आयडी ‘एमसीसी 03आरजी20’. ‘सीएमसी मॅग’ दिसलं तर तुम्हाला दुसराच माल मिळालाय.

डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, विंडोज मात्र 4.38 दाखवतं. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तरीही 4.2 वर थांबावं, कारण चुका बाहेरच्या कडेला वाढतात आणि ‘शेवटची दहा मिनिटं चौकोन पडतात’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथलीच असते. वेग 8 एक्स ठेवा, आठ-नऊ मिनिटं लागतात. 16 एक्सने तीनेक मिनिटं वाचतात, पण कडेचा दर्जा घसरतो. 1 किंवा 2 एक्सचा आग्रहही सोडा, कारण ही डिस्क आणि राइटर जास्त वेगासाठी जुळवलेले असतात. टीव्हीच्या प्लेयरवर लावायची असेल तर फायनलाइज करा, म्हणजे डिस्कचं लेखन कायमचं बंद करा. लिहिलेलं परत वाचून ताडणाऱ्या ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नका. व्हेरिफाय पास म्हणजे आज तुमच्या राइटरवर वाचली गेली, एवढंच. राइटर स्कॅन करू देत असेल तर चुकाही मोजा. डेटाच्या सलग आठ ब्लॉकमध्ये पीआय चुका (वाचताना पहिल्या तपासणीत सापडणाऱ्या चुका) 280 च्या आत असाव्यात हा नियम आहे, पण ताज्या डिस्कवर आकडा त्याच्या जवळपास आला तर ती बाजूला ठेवा आणि नवी बर्न करा.

प्लेयरने ‘नो डिस्क’ दाखवलं तर आधी तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू तर वापरली नाही ना, ते बघा. तिच्यावरून 18 ते 30 टक्केच प्रकाश परततो, दोन थरांच्या छापील डिस्कइतकाच. काही जुने प्लेयर तिला दोन थरांची समजून अडखळतात. डीव्हीडी-आर मात्र छापील एकथरी डिस्कसारखी 45 ते 85 टक्क्यांत बसते. ही या मालाची मोठी जमेची बाजू. मंडळाच्या कार्यक्रमाच्या प्रती वाटायच्या असतील तर हीच घ्या.

कागदी स्टिकर लावू नका. डिस्कचा तोल जातो आणि ती वाकते. नाव लिहायचंच तर डिस्कसाठीच्या मार्करने, आतल्या पारदर्शक कडीवर. पुसताना मऊ सुती फडकं मधून कडेकडे सरळ न्या. गोल फिरवलेलं फडकं ट्रॅकच्या दिशेने ओरखडा काढतं आणि असा लांबट ओरखडा सावरणं प्लेयरला जड जातं. सीडीबाबत तर लेबलची बाजू जपायची, कारण तिथे डेटाच्या डोक्यावर लाखेचा पातळ थर तेवढा असतो. डीव्हीडीत डेटा 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. पण डबीतून ओढून काढताना ती वाकवली तर त्याच चकत्या सुटतात.

छापील म्हणजे अमर, असंही नाही. इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यातून 1988 ते 1993 दरम्यान निघालेल्या बऱ्याच सीडी तांबूस पडून बिघडल्या, कारण त्यांच्या थरातली चांदी कव्हरच्या कागदातल्या गंधकाने काळवंडली. तरी नीट ठेवलेली छापील आणि नीट ठेवलेली बर्न केलेली, यांत भरवसा छापील डिस्कवरच ठेवावा.

म्हणून अझो डीव्हीडी वाटायला आणि रोज लावायला उत्तम, पण आजोबांच्या आवाजाची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नये. त्यासाठी एम-डिस्क घ्या, तिचा डेटाथर सेंद्रिय रंगद्रव्याचा नसतो. मात्र डीव्हीडी प्रकारची एम-डिस्क लिहायला तिचा शिक्का असलेला राइटर लागतो, हे आधी तपासा. ब्ल्यू-रे राइटर असेल तर साधी बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्ल्यू-रे डिस्क) हीही चालेल, फक्त खोक्यावर ‘एलटीएच’ लिहिलेली टाळा, तिच्यात पुन्हा तेच सेंद्रिय रंगद्रव्य असतं. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, आणि डिस्कची डबी कपाटात उभी, खिडकीपासून लांब.