राणीचे वय आणि एक मोबाइल ॲप

राणी ही आमची लॅब्रडॉर कुत्री. तिला नऊ वर्षे पूर्ण झाली, तोंडाभोवतीची लव पांढरी पडली, आणि हल्ली जिना चढण्यापूर्वी ती पहिल्या पायरीशी क्षणभर थांबते. माणसाच्या हिशेबाने तिचे वय किती समजावे, हे जाणून घेण्यासाठी कुत्र्यांचे वय काढून देणारे एक मोफत ॲप मी गेले तीन महिने वापरत आहे. पाचपैकी साडेतीन तारे द्यावेत, असे माझे मत झाले आहे.

हे ॲप वयाला सातने गुणून मोकळे होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. जात आणि वजन विचारून ते तीन आकडे शेजारी शेजारी दाखवते: जुन्या सातपटीचा, पशुवैद्यक सर्रास वापरतात त्या कोष्टकाचा, आणि २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी १०४ लॅब्रडॉरच्या डीएनएवरील रासायनिक खुणा तपासून मांडलेल्या सूत्राचा. राणीसाठी अनुक्रमे ६३, ६१ आणि ६६ अशी उत्तरे आली, म्हणजे उतारवयात तिन्ही रीती जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. मग मी मुद्दाम एक वर्ष भरून पाहिले, तर ७, १५ आणि ३१! वर्षाची कुत्री पिल्ले देऊ शकते, त्यामुळे तिला सात वर्षांच्या मुलीच्या पंक्तीत बसवणे साफ चूक आहे; १५ हाच आकडा मला सर्वांत पटला. ३१ हा आकडा पेशींतील बदलांचा आहे, वागण्याबोलण्याचा नव्हे, हे ॲपने एका ओळीत सांगायला हवे होते. शिवाय केवळ लॅब्रडॉरवरून काढलेले हे सूत्र ते पॉमेरेनियनलाही बिनदिक्कत लावते. मोठ्या अंगाची कुत्री लवकर म्हातारी होतात. कोष्टकात दहा वर्षांचे लहान कुत्रे ५६ चे, तर मोठे ६६ चे धरलेले असते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आमच्या दारातला गावठी काळू या ॲपमध्ये कुठेच बसत नाही. यादीत गावठी नाही, कारवानी नाही, पश्मी नाही, आणि जन्मतारीख भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नाही. रस्त्यावरून आलेल्या जिवाची जन्मतारीख कोणी सांगावी? अखेर आमच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दात पाहिले. साधारण सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात, त्यानंतर दातांची झीज आणि त्यावरचे किटण यांवरून फक्त अंदाज बांधता येतो, असे समजावून त्यांनी चार ते पाच वर्षे सांगितली. तोच अंदाज आणि ‘मिश्र जात’ भरून मी काळूची नोंद केली आहे. राणीची तपासणी मात्र ॲपने सुचवल्याप्रमाणे आता दर सहा महिन्यांनी करून घेणार आहे.